शाहजहानी पेला, नोंद चौथी: मानेपाशी अडलेय

बादशहा शाहजहानच्या पेल्याची दगडात नक्कल करतेय, त्याचं पोट झालं. म्हणजे आतून कोरून झालं. बाहेरची नक्षी अजून लांब आहे. काठाशी भिंत ४ मि.मी., बुडाला ७, आणि वाटी निमुळती होत मुठीत, म्हणजे धरायच्या दांड्यात, शिरते तिथे, मानेपाशी, २.१. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) तीनदा लावून पाहिला, आकडा काही बदलला नाही.

मूळ पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढरं नेफ्राइट (जेडचा एक प्रकार), हिजरी १०६७ म्हणजे १६५७ साल, लांबी १८.७ सेंमी, रुंदी १४. उभा चिरलेला भोपळा, खाली कमळाच्या पाकळ्यांची बैठक, तिथून पसरणारी अॅकँथस या झाडाची, युरोपीय नक्षीत असतात तशी पानं, आणि देठाकडचा भाग वळत वळत बकऱ्याचं डोकं होतो. भोपळ्याची वाटी म्हणजे खरं तर फकिराची तुंबडी. ती जेडमध्ये कोरून घेण्याची हौस मात्र बादशहाची. माझी नक्कल साधारण दोन-तृतीयांश मापाची आहे.

दगडाचं खरं नाव एकदाचं कळलं. विकणाऱ्याने ‘जेड’ म्हणून दिला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याने पाण्यात सोडला, तळाला टेकू न देता. काटा ४८५ ग्रॅम. कोरडं वजन १२६०. भागाकार २.६. नेफ्राइट असतं तर २.९च्या पुढे यायला हवं होतं. म्हणजे हे सर्पेंटाइन, जेडसारखा दिसणारा पण मऊ दगड. पैसे जेडचे गेले, पण सुरीने ओरखडा उठतो असा दगड शिकायला बराच म्हणून मी भांडले नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: काही सर्पेंटाइनमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर घातक. कोरडं घासू नका. मी सलाइनच्या बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडते आणि वर मास्क लावते.

खऱ्या नेफ्राइटवर पोलादी सुरी चालत नाही. आपण ‘कोरलेलं जेड’ म्हणतो, पण ते कोरत नाहीत, झिजवतात. फिरत्या हत्याराला दगडापेक्षा कठीण पूड आणि पाणी लावायचं, कापते ती पूड. कुरुंद (अशी पूड करायचं अतिकठीण खनिज) हा शब्द आपल्याकडे उगाच नाही. नेफ्राइटचे बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते चिवट; उजेड आरपार दिसेल इतकी पातळ भिंत ते सहन करतं. हा कच्चा माल खोतानकडच्या (आजच्या पश्चिम चीनमधल्या) नद्यांमधून यायचा. मुघल ज्यांचा वारसा सांगत त्या तैमुरी राजघराण्याला जेडचं वेड होतंच. तैमूरचा नातू उलुगबेग याच्यासाठी घडवलेला एक पांढरा जग (मूठ असलेला तांब्या) आज लिस्बनमध्ये आहे. त्यावर पुढे जहांगीरने आणि शाहजहाननेही आपापली नावं कोरून घेतली. आजोबांच्या तांब्यावर नातवाने नाव घालावं तसं, फक्त हे तांबे जरा महाग.

आता पोटाबद्दल. आधी कोअर ड्रिलने (पोकळ नळीच्या ड्रिलने) शेजारी शेजारी भोकं पाडली, मधले खांब छिन्नीने टिचकीसरशी मोडले, मग गोल डायमंड बरने (हिऱ्याची पूड लावलेल्या फिरत्या टोकाने) तळ सपाट केला. खोलीची खूण म्हणून ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळली होती. ती ओली होऊन वर सरकली आणि एक भोक ३ मि.मी. जास्त खोल गेलं. तो खड्डा घालवायला सगळा तळच तेवढा उतरवावा लागला, म्हणून बुडाला १०च्या जागी ७. खाली कमळ कोरायचंय, त्यामुळे पाकळ्या आता उथळच निघतील.

मानेची चूक मात्र माझ्या घाईची. बाहेरचा आकार सुंदर दिसायला लागला तसा हात आवरला नाही. मुठीची वळणं आधीच छाटून ठेवली आणि मग आतून गेले. पुढच्या वेळी बाहेर जाडजूड ठेवून आधी पोट, मग पाठ. आता रात्री दिवे बंद करून वाटीत मोबाइलचा टॉर्च ठेवते. सगळीकडे शेवाळी हिरवं दिसतं, मानेशी मात्र पोपटी. पोपटी दिसलं की तिथे बर लावायचा नाही. आई डोकावून म्हणाली, “अगं, अर्धा दुधी करायला सहा महिने?” काय सांगणार!

माझ्या आराखड्यात अॅकँथसचं एक पान थेट मानेपर्यंत येतं. उठावासाठी निदान १ मि.मी. उतरवावं लागेल, २.१ मधून ते काढायची माझी हिंमत नाही. म्हणून पान अलीकडेच वळवून संपवणार, माने­वर नुसता पॉलिश.

जाता जाता: याच शाहजहानने तरुणपणी, दख्खनच्या मोहिमेवर निघताना, दारू चंबळेत ओतून सोन्याचांदीचे पेले फोडून गोरगरिबांत वाटले होते. आणि म्हातारपणी हा दारूचा पेला! पुढच्याच वर्षी तख्त गेलं.

डोक्यासाठी शेजारच्या गोठ्यातल्या शेळीचे फोटो काढलेत, बाजूने आणि वरून. कान फार पातळ आहेत, ते मानेला टेकवूनच कोरावे लागतील. पुढचे दोन रविवार जबड्यावर. ४००चा वॉटरपेपर (ओला घासायचा पॉलिशपेपर) संपलाय, तो आणायचाय.