वेज

आज रात्रीच्या माळेसाठी टेबलावर काढून ठेवलेला ऐवज असा आहे: मोडक्या कीबोर्डच्या चार कळा, छत्रीच्या काडीच्या टोकाची पितळी टोपी, फाटलेल्या शर्टाची सात बटणे, कुलूप हरवलेली एक किल्ली आणि रस्त्याच्या कडेला सापडलेला, दोन्ही अंगांनी चपटा असा एक करडा गोटा. बटणांना भोके आहेतच, किल्लीच्या डोक्यालाही आहे. कळांच्या पातळ भिंतींतून ड्रिलची सुई पाहता पाहता आरपार जाते आणि टोपीच्या माथ्यावर खिळा ठेवून एक ठोका दिला की तिचेही काम होते. गोट्याचे मात्र तसे नाही. तो गेले तीन दिवस तिथेच बसून आहे आणि या तीन दिवसांच्या माळा त्याच्यावाचूनच पुऱ्या झाल्या आहेत.

मण्याच्या किंवा मोत्याच्या भोकाला मराठीत ‘वेज’ असा फार नेटका शब्द आहे. सुईला नेढे असते, मण्याला वेज असते, भिंतीला मात्र नुसतेच भोक पडते. हे वेज पाडण्याला विंधणे म्हणतात. मोती विंधतात, कान विंधतात आणि पाण्यासाठी जमीनही विंधतात, म्हणून तर ती विंधण विहीर. रोज एक माळ करण्याचा परिपाठ सुरू केला तेव्हा हे शब्द मला ठाऊक होते, पण त्यांचा अर्थ हाताला कळलेला नव्हता. माळ म्हणजे रंग, आकार आणि दोरा अशी माझी समजूत होती. माळेचे बहुतेक सगळे बरेवाईट एका इवल्याशा पोकळीवर अवलंबून असते, हे ध्यानात यायला बऱ्याच वस्तू फुटाव्या लागल्या.

परिपाठाचे नियम मोजकेच आहेत. दोरा, सुया आणि ड्रिलची पाती एवढेच विकत घ्यायचे, बाकी सारे सापडलेले किंवा कुणीतरी टाकून दिलेले असावे, आणि झोपण्यापूर्वी शेवटची गाठ बसलीच पाहिजे. माळ चांगली झाली पाहिजे असा नियम नाही, कारण तसा असता तर दुसऱ्याच आठवड्यात सगळे बंद पडले असते. हे काम मी पृथ्वीचा भार हलका करण्यासाठी करतो, असे कुणी कौतुकाने म्हटले तर अवघडल्यासारखे होते. सात बटणे आणि एक किल्ली कचऱ्यातून वाचवून पृथ्वीचे काही अडलेले सुटत नाही. शिवाय बहुतेक माळा मी दुसऱ्या दिवशी सकाळी उसवतो आणि मणी परत डब्यात टाकतो. डबा एकच आहे आणि तो एकच राहावा अशी इच्छा आहे. न उसवता ठेवलेल्या माळा हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यामुळे एकच बटण वर्षभरात दहा-बारा निरनिराळ्या शेजाऱ्यांसोबत बसते, आणि काही जोड्या एकमेकांशी कधीच नांदत नाहीत हेही कळते.

वेज कुठे पाडायचे हा खरा निर्णय असतो, आणि तो एकदाच घेता येतो. चिंचोळ्या खड्याला टोकाजवळ आडवे वेज पाडले तर तो लोलक होऊन खाली लोंबतो, तोच लांबीतून विंधला तर इतर मण्यांच्या ओळीत निमूटपणे आडवा होतो. बटणाचे पाहा. दोन शेजारच्या भोकांतून दोरा वर काढून खाली घेतला की बटण छातीवर सपाट पडते आणि आपला चेहरा दाखवते, पण एकाच भोकातून एकामागून एक बटणे ओवत गेले तर ती चवडीसारखी एकमेकांना चिकटतात आणि दिसतात त्या फक्त त्यांच्या कडा. शिंपल्याच्या बटणाची कड पाहिली आहे का? वरचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो, पण कडेला त्याचे थर दिसतात, पुस्तकाच्या मिटलेल्या पानांसारखे. म्हणून ती बटणे मी चवडीसारखीच ओवतो. किल्लीच्या बाबतीत मात्र निर्णय दुसऱ्याच कुणीतरी घेऊन ठेवलेला असतो. तिचे वेज डोक्यात असल्यामुळे ती दात खाली करूनच लोंबते, तिला दुसरे काही सुचवायला गेले तर ती ऐकत नाही.

चपट्या वस्तूत आणखी एक गोम असते. वेज तिच्या वजनाच्या मध्याच्या वर असेल तर ती स्थिर लटकते, खाली असेल तर पहिल्याच हिसक्याला उलटते आणि तशीच राहते. मी निळ्या बशीच्या एका खापरीवर मोठ्या हौसेने, नक्षीला धक्का नको म्हणून, खालच्या कोपऱ्यात वेज पाडले होते. ती खापरी माळेत कायम डोके खाली करून राहिली. नक्षीतला पक्षी उलटा उडताना दिसे. काही दिवसांनी मला तो तसाच आवडू लागला हे खरे असले तरी ती हुशारी माझी नव्हती.

कठीण वस्तू विंधण्याची रीत घाईला अजिबात जुमानत नाही. गारगोटीची कठीणता मोसच्या मापावर ७ आहे आणि साध्या पोलादाच्या सुईची त्याहून कमी, म्हणजे सुईच झिजते आणि गारगोटीवर एक चकाकणारा ओरखडा तेवढा उरतो. त्यासाठी हिऱ्याची पूड बसवलेले पाते लागते. उथळ बशीत पाणी घ्यायचे, वस्तू जेमतेम बुडेल अशी ठेवायची, बॅटरीवर चालणारे छोटे ड्रिल सावकाश फिरू द्यायचे आणि मधूनमधून पाते उचलून पाण्याला आत जाऊ द्यायचे. भिंतीतल्या विजेवर चालणारे यंत्र पाण्याजवळ आणायचे नाही. पाण्यामुळे पाते तापत नाही, काच तडकत नाही, आणि दगडाची धूळ हवेत न उडता पाण्यातच राहते. ही धूळ फुप्फुसाला फार वाईट असते, म्हणून पाणी असूनही तोंडावर मुखपट्टी असतेच. पण यातली सर्वांत मोठी युक्ती या साधनांहून कितीतरी जुनी आहे. वेज एका बाजूने आरपार पाडायचे नाही, कारण पाते पलीकडून बाहेर पडताना कडेचा टवका उडवते. अर्धे या बाजूने आणि अर्धे त्या बाजूने पाडायचे, म्हणजे दोन्ही बोगदे मध्यावर भेटतात. जुन्या काळच्या दगडी मण्यांची वेजे दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये निमुळती असतात ती त्यामुळेच. अशा मण्यात डोळा लावून पाहिले तर मध्यभागी एक अरुंद कंबर दिसते, आणि विंधणाऱ्याचा नेम किती चुकला होता तेही दिसते.

काही वस्तू मात्र वेजासकट सापडतात आणि त्यांचे मला नेहमी थोडे संशयमिश्रित कौतुक वाटते. कसई नावाच्या गवताचे करडे, काचेसारखे तुळतुळीत मणी ज्यांनी हाताळले असतील त्यांना ठाऊक असेल की त्यांना दोन्ही टोकांना आयते भोक असते. त्या टणक वेष्टनातून फुलोऱ्याचा देठ बाहेर येतो, आणि तो वाळून निघून गेला की दोऱ्यासाठी वाट मोकळी होते. याच्या अगदी उलट गुंज. लाल अंग आणि काळा डोळा अशी तिच्याइतकी देखणी बी दुसरी नाही, एकीसारखी दुसरी इतकी की सोन्याच्या तराजूत ती वजन म्हणून चाले. पण तिच्या पोटात अॅब्रिन नावाचे जहाल विष असते. कवच अखंड आहे तोवर ते आत कोंडलेले राहते, आणि वेज पाडणे म्हणजे नेमके ते कवच फोडून आतली पूड मोकळी करणे. माझ्याकडे मूठभर गुंजा एका झाकणाच्या बाटलीत आहेत. त्यांची माळ व्हायची नाही हे ठरलेले आहे.

समुद्रकिनाऱ्यावर सापडणाऱ्या शिंपल्यांपैकी काहींच्या टोकाशी एक विलक्षण सुबक, गोल वेज असते, बाहेरून रुंद आणि आत निमुळते, एखाद्या कसबी कारागिराने स्क्रूचे डोके बसावे म्हणून कड तिरपी करून दिल्यासारखे. पहिला असा शिंपला मिळाला तेव्हा मी तो कुणाच्या तरी तुटलेल्या माळेतला समजलो होतो. ते काम नॅटिसिडी कुळातल्या गोगलगायींचे असते. ही गोगलगाय शिंपल्याला मिठीत धरते, आम्ल स्रवून कवच मऊ करते, किसणीसारख्या जिभेने ते खरवडते, आणि असे आळीपाळीने तासन्‌तास चालते. वेज आरपार गेले की आतला जीव ती त्यातूनच खाऊन टाकते. म्हणजे मला जे ओवण्याचे आमंत्रण वाटले होते, ते कुणाच्या तरी घरफोडीची खूण होती. तरीही मी तो शिंपला ओवला, आणि पुढेही ओवत आलो. पाते, पाणी आणि संयम यांचा हिशेब तिने माझ्याआधीच मांडून ठेवला होता आणि आम्लाच्या बाबतीत ती माझ्यापुढे होती.

पुराणवस्तुशास्त्रज्ञांनाही हाच पेच पडतो, फक्त त्यांच्याकडे उत्तर देण्याची जबाबदारी असते. मोरोक्कोतल्या बिझमून गुहेत सापडलेल्या तेहतीस शंखमण्यांविषयी २०२१ मध्ये माहिती प्रसिद्ध झाली. ते १ लाख ४२ हजार ते १ लाख ५० हजार वर्षांपूर्वीचे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेतले शंखमणी सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचे. शंखाला भोक आहे एवढ्याने तो मणी ठरत नाही, कारण भोक लाटेनेही पडते आणि गोगलगायीनेही. म्हणून पाहतात ती वेजाची कड. दोरा वर्षानुवर्षे एकाच जागी घासला की तिथे गुळगुळीत खळगी पडते, आणि शेजारच्या मण्याशी घासल्याच्या खुणाही उमटतात. दोरा केव्हाच कुजून गेलेला असतो आणि गळाही, पण दोरा इथे होता हे वेजाने लिहून ठेवलेले असते. हे वाचल्यापासून मी माळ उसवताना प्रत्येक वेजाची कड भिंगातून पाहतो. माझ्या माळा एका दिवसाच्या असल्यामुळे तिथे अर्थातच काही दिसत नाही.

एरवी आधी वस्तू असते आणि मग वेज पडते, पण कागदाच्या मण्यात हा क्रम फिरतो. जुन्या मासिकाच्या पानाचा लांबट त्रिकोण कापायचा, तळाशी दोन सेंटिमीटर रुंद आणि तीसेक सेंटिमीटर लांब. रुंद बाजू सुईवर धरून गुंडाळत टोकापर्यंत यायचे, शेवटी खळ लावायची, वाळल्यावर रोगण द्यायचे आणि सुई काढून घ्यायची. तळाची रुंदी म्हणजे मण्याची लांबी, आणि पट्टी जितकी लांब तितके मण्याचे पोट मोठे. इथे पोकळी आधी असते, मणी तिच्याभोवती नंतर जमतो. घानातल्या क्रोबो लोकांची काचमणी करण्याची पद्धत याच कुळातली आहे. फुटक्या बाटल्या कुटून केलेली पूड ते मातीच्या साच्यांत भरतात आणि मध्ये कसावा या कंदाच्या झाडाच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत काच सांधली जाते, देठ जळून जातो आणि जिथे देठ होता तिथे वेज राहते. कागदी मण्यात छापील मजकूर सगळा आत जातो, फक्त शेवटच्या वेढ्यावरची अक्षरे वर दिसतात. एका मण्यावर ‘परंतु’ एवढाच शब्द आलेला आहे. तो मी उसवलेल्या माळांमधून जपून ठेवला आहे आणि दर महिन्याला एकदा तरी वापरतो.

वेज टाळण्याचाही एक मार्ग आहे, तारेने वस्तू बांधून टाकण्याचा. जुन्या केबलमधली तांब्याची तार त्यासाठी उत्तम. तिचे वेष्टन चाकूने सोलावे, जाळू मात्र नये, कारण त्या प्लॅस्टिकचा धूर घातक असतो. वाकवून वाकवून तार ताठर झाली तर ती लाल होईपर्यंत तापवावी, म्हणजे पुन्हा मऊ होते. मी हे करतो, पण मनापासून नाही. तारेत बांधलेला खडा मला पिंजऱ्यातल्यासारखा वाटतो. हा पूर्वग्रह असेल, पण तो आहे.

आणि वेज नीट पडले तरी काम संपत नाही, कारण त्याची धारदार कड हीच दोऱ्याची वैरीण असते. काचेचे वेज आतून पॉलिशपेपरच्या बारीक सुरळीने घोटले नाही तर दोरा दोन दिवसांत कापला जातो. सारे सापडलेलेच वापरण्याच्या हट्टापायी मी एकदा किनाऱ्यावर सापडलेला मासेमारीचा नायलॉन दोराच वापरला होता. उन्हाने तो आधीच ठिसूळ झालेला होता आणि माळ भर बोलण्यात तुटली. चाळीसेक मणी घरभर पळाले. त्यांतले शेवटचे तीन कपाटाच्या मागे सापडायला हिवाळा उजाडला. तेव्हापासून दोरा विकत घेतो आणि जी माळ ठेवायची असते तिच्यात दर दोन मण्यांमध्ये गाठ मारतो. अशी गाठवलेली माळ तुटली तरी फार तर एकच मणी जातो. गाठीमुळे मणी एकमेकांना घासतही नाहीत, म्हणजे हजारो वर्षांनी कुणी भिंग लावलेच तर त्याला शेजाऱ्यांविषयी काही कळणार नाही.

गोटा आता बशीत आहे. काल एका बाजूने अर्धे वेज झाले होते, दुसऱ्या बाजूची खूण मी पेन्सिलीने केली होती आणि पाण्यात ती पुसट झाली आहे, त्यामुळे नेम अंदाजाचाच. पाते टेकवल्यावर आधी कर्कश आवाज आला, मग तो खाली उतरला आणि भरीव झाला. दर अर्ध्या मिनिटाने थांबतो, पाणी निवळू देतो, पुन्हा टेकवतो. बटणे आणि कळा ओवून तयार आहेत, मधली जागा मोकळी ठेवली आहे. आत्ता पाते किंचित पुढे सरकले, हाताखालचा विरोध एकदम नाहीसा झाला, आणि गोट्याच्या खालच्या बाजूने करड्या गढूळ पाण्याची एक बारीक रेघ निघून बशीत पसरत गेली.