पाव पळ

कोकणातल्या अनेक घरांत ओटीवरचे घड्याळ मुद्दाम दहा मिनिटे पुढे लावलेले असते आणि ते तसे आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पाहणारा मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करतो, तरीही काट्याकडे बघून थोडा धास्तावतो, चार पावले भरभर टाकतो आणि त्याला एस.टी. मिळते. चुकीच्या घड्याळावर आमचा वर्षानुवर्षे असा संसार चालला आहे. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की त्याने परस्पर दहाची बारा मिनिटे करू नयेत. लाखालाखांच्या स्विस मनगटी घड्याळांच्या अचूकपणाविषयी वाचू लागलो, तेव्हा तिथेही पुष्कळसा हाच न्याय चालतो असे लक्षात आले.

स्वित्झर्लंडमध्ये यांत्रिक घड्याळाला ‘क्रोनोमीटर’ हे बिरुद हवे असेल, तर त्याच्या मशीनला ‘सीओएससी’ या संस्थेत १५ दिवस परीक्षा द्यावी लागते. ते पाच निरनिराळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस तापमानांत तपासले जाते. (३८ अंशांत तपासले म्हणजे आमच्या वैशाखाचीही सोय झाली; घामाचे आणि खाऱ्या हवेचे मात्र ज्याचे त्याने पाहावे.) दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढ्या सरासरी फरकाला तिथे मुभा आहे. रोलेक्स स्वतःच्या घड्याळांसाठी दोन्ही बाजूंना २ सेकंदांचीच मर्यादा पाळते आणि ओमेगाच्या ‘मास्टर क्रोनोमीटर’ला तर मागे पडण्याची परवानगीच नाही, शून्य ते ५ सेकंद, तेही पुढेच. आपल्या जुन्या मापात २४ सेकंदांचे एक पळ होते. घंगाळातल्या पाण्यात घटिकापात्र सोडून मुहूर्ताची वाट पाहणाऱ्या भटजींच्या हिशोबात सहा सेकंद म्हणजे जेमतेम पाव पळ, आणि त्याच्या जरा पुढे गेले, की स्वित्झर्लंडमध्ये घड्याळ नापास होते. पुढे जाणे खपवून घ्यायचे आणि मागे पडणे नाही, हे शहाणपण मात्र थेट आमच्या ओटीवरचे वाटते.

या पाव पळाची थोरवी कळण्यासाठी आत काय चालले आहे ते पाहावे लागते. केसाइतकी बारीक हेअरस्प्रिंग आणि तिच्या जोरावर मागेपुढे झुलणारे बॅलन्सचे चाक, एवढ्यावर सगळी भिस्त. आजच्या बऱ्याच घड्याळांत हे चाक सेकंदाला आठ झोके घेते, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० झोके. त्यांतले चाळीस जास्त झाले, की घड्याळ ५ सेकंद पुढे गेले. मुंबईहून रत्नागिरीला सव्वातीनशे किलोमीटर चालत यावे आणि अंतराच्या मोजणीत वीसएक मीटरांची चूक निघावी, असा तो हिशोब आहे. उन्हाळ्यात स्प्रिंगचा ताठा कमी होतो, थंडीत वाढतो. त्यावर उपाय ठरलेल्या निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंच्या संशोधनासाठी शार्ल गियोम यांना १९२० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आणि तरीही स्पष्ट सांगायचे, तर अचूक वेळेसाठी कोणी लाखो रुपये मोजत असेल, तर त्याची फसगत ठरलेली आहे. बाजारपेठेत काही शे रुपयांना मिळणाऱ्या क्वार्ट्‌झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिन्याकाठी पंधराएक सेकंदांच्या आत राहतो. तेवढी चूक परीक्षेत उत्तीर्ण झालेले स्विस घड्याळ तीन दिवसांत करू शकते.

माझ्या भावोजींना हे सगळे पाठ आहे. त्यांच्याकडे एक जुने स्विस ऑटोमॅटिक आहे आणि त्याची एक छोटी वही आहे. रात्री जेवण आटोपले, की भावोजी मोबाइलमधली वेळ समोर ठेवतात, सेकंदकाटा बारावर येण्याची वाट पाहतात आणि वहीत आकडा लिहितात: अधिक तीन, अधिक दोन, अधिक तीन. दिवसभरात घड्याळ जास्त पुढे गेलेले दिसले, तर ते डायल वर ठेवून निजवायचे नाही. चावीची बाजू खाली करून उभे ठेवायचे. आडव्या घड्याळात बॅलन्सचा आस टोकावर फिरतो, उभ्यात तो कडेला घासतो, घर्षण वाढते आणि चाल बदलते. कोणत्या कुशीवर किती फरक पडतो, हे ज्याच्या त्याच्या घड्याळावर अवलंबून असते आणि भावोजींच्या वहीत त्याचे वेगळे पान आहे. ताई म्हणते, “माझ्या झोपेची एवढी चौकशी यांनी कधी केली नाही.”

या वहीला मी मनात हसत असे, पण तिचे कूळ मोठे आहे. भर समुद्रात जहाजाचा रेखांश काढता यावा म्हणून जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने बनवलेले एच-४ हे घड्याळ १७६१ मध्ये जहाजावरून जमैकाला निघाले, ते बिनचूक म्हणून नव्हे. ते रोज पावणेतीन सेकंदांच्या आसपास मागे पडते, हे आधीच मोजून ठेवलेले होते आणि ती चूक वजा केल्यावर ८१ दिवसांच्या प्रवासात फरक निघाला तो जेमतेम ५ सेकंदांचा. खलाशाला घड्याळ चुकलेले चालते. चूक रोज सारखी हवी. पृथ्वी चार सेकंदांत रेखांशाचा एक मिनिट फिरते, म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या अक्षांशावर एका सेकंदाला साधारण साडेचारशे मीटर. रोजचे ५ सेकंद महिनाभर हिशोबात धरले नाहीत, तर रत्नदुर्गाच्या दीपगृहाकडे निघालेल्या गलबताची जागा नकाशावर पासष्टएक किलोमीटरने चुकेल. आज उपग्रहांमुळे ही धास्ती उरली नाही. आमचे तांडेल भरतीची वेळ तर तिथीच्या पाऊणपटीने काढतात, अष्टमीला सहा वाजता. त्यात दहा-वीस मिनिटांचे कुणाला काही वाटत नाही. शिवाय भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची असल्यामुळे रत्नागिरीत सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून सदतीस मिनिटांनी, मग मनगटावर कितीही महागडे क्रोनोमीटर असो.

गेल्या गणपतीत भावोजींचे घड्याळ अचानक दिवसाला चार-चार मिनिटे पळू लागले. आरतीतही त्यांचे लक्ष मनगटाकडे. शेवटी आम्ही घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याचे भिंगही न लावता खणातून एक लहानसे होकायंत्र काढले आणि घड्याळाजवळ नेले. सुई थरथरली आणि सरळ वळली. हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरले होते. वेढे एकमेकांना चिकटले, की स्प्रिंग जणू आखूड होते आणि चाक घाईने झुलू लागते. चुंबकत्व उतरवणाऱ्या एका निळ्या डबीवर घड्याळ धरून त्यांनी बटण दाबले, हळूच वर उचलले, मग टाइमिंग मशीनवर लावले. पडद्यावर आकडा आला: अधिक तीन.

“उघडून शून्यावर आणून देऊ का?” घड्याळजींनी विचारले.

“नको, नको, तीनच राहू द्या,” भावोजी घाईघाईने म्हणाले. “नाहीतर सगळी वही पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागेल.”

घड्याळजींनी डबीचे पैसे घेतले नाहीत. मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरवर रात्री घड्याळ ठेवू नका, एवढे मात्र दोनदा बजावले.