पाच हजार थडगी, आत कुणीच नाही

स्पेनच्या सहलीसाठी माझी यादी छोटी होती. माद्रिदमधली चित्रं, तोलेदो, आणि सांतो दोमिंगो दे सिलोस या गावातल्या मठातलं ग्रेगोरियन गायन, म्हणजे ख्रिस्ती भिक्षूंची प्रार्थनागीतं. १९९४ साली इथल्या भिक्षूंच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका जगभर लाखांनी खपली होती, आमच्या घरीही तिची कॅसेट होती. सिलोसचं नाव काढताच नवरा लगेच हो म्हणाला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. हा माणूस घराजवळच्या मारुतीलाही मी ढकलल्याशिवाय जात नाही.

माद्रिद आणि तोलेदो छान झालं. फोटो आहेत.

खरी गोष्ट गाडीत बसल्यावर कळली. सिलोसच्या जवळच मिरांदियाच्या खोऱ्यात दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या सिनेमाच्या शेवटासाठी एक अख्खं कब्रस्तान उभारलं होतं. १९६६ साली, स्पॅनिश सैनिकांच्या हातून. "आपण वाटेत पाच मिनिटं थांबू," असं हे म्हणाले. ती 'वाट' म्हणजे खडबडीत मातीचा रस्ता. भाड्याची छोटी गाडी, खालून दगड टणाटण आपटतायत, माझ्या डोळ्यांसमोर डिपॉझिट, आणि शेजारी ह्यांचं व्याख्यान चालू. लिओने रोमचा. इंग्रजी येत नसे. त्याने पाच वेस्टर्न सिनेमे काढले, आणि पहिल्या तिन्ही सिनेमांत अमेरिका म्हणून स्पेनचंच माळरान वापरलं. सेटवर प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलायचा आणि आवाज नंतर भरायचे. संगीतकार मोरिकोने तर त्याच्या लहानपणीच्या वर्गातला! पुलाची गोष्ट मात्र मलाही आवडली. पूल उडवायचा होता, कॅमेरे सुरू व्हायच्या आतच इशारा चुकीचा समजला गेला आणि पूल उडाला. मग लष्कराने तो परत बांधून दिला, आणि तो परत उडवला. आमच्या सोसायटीच्या संपूर्ण कारभाराचं वर्णन आहे हे.

त्यात मी उपाशी. मांस नको असं तीनदा सांगून मागवलेल्या सूपमध्ये हॅमचे तुकडे निघाले होते. वेटर म्हणाला, "हॅम तर चवीपुरतं आहे." सगळं जेवण बटाट्याच्या ऑम्लेटवर भागवलं होतं.

गाडी लावली, एक चढ चढलो आणि मी गप्प झाले. मध्यभागी दगडी गोल चौक, आणि त्याच्याभोवती एकाबाहेर एक वर्तुळांत मातीचे उंचवटे, प्रत्येकावर लाकडी क्रूस. पाच हजारांच्या आसपास. चारी बाजूंना डोंगर, वर गिधाडं. आणि जमिनीखाली कुणीही नाही. शूटिंग संपलं, लोक निघून गेले, गवताने सगळं गिळलं. चौकाची फरशीसुद्धा मातीखाली गेली होती. २०१५ साली आसपासच्या काही वेड्यांनी कुदळी घेऊन खणायला सुरुवात केली, मग इतर देशांतूनही लोक आपल्या खर्चाने फावडी मारायला आले. लिओने १९८९ मध्येच गेला होता. त्याला यातलं काही कळलंच नाही.

भांडण क्रूसांवरून झालं. त्यांवर नावं होती. मी म्हटलं, सिनेमातली असतील. नाही. थोडे पैसे भरले की एक थडगं तुमच्या नावाचं होतं, दुरुस्तीला तेवढाच हातभार. म्हणजे ही सगळी जिवंत माणसं!

"मी घेतोय एक," हे म्हणाले.

"काय?"

"थडगं. फार महाग नाहीये गं."

माझा पारा चढला. ह्या माणसाचा दोन वर्षांपूर्वी स्टेंट झालाय. जिवंतपणी थडग्यावर नाव? तेही परक्या देशात, परक्या क्रूसावर? सासूबाई असत्या तर मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली असती. मी बरंच बोलले, मराठीत, मोठ्याने, शेजारचं एक स्पॅनिश कुटुंब सरकून लांब गेलं.

"बरं, माझं नको. तुझ्या नावाने घेऊ?"

मी पाठ फिरवून चौकाच्या कडेला जाऊन बसले.

थोड्या वेळाने मागे पाहिलं तर हे पळत होते. गुडघ्याला पट्टा लावलेला साठीचा माणूस, पीएमटी सुटत असली तरी न धावणारा, त्या थडग्यांमधून गोल गोल धावत होता, नजर क्रूसांवरच्या नावांवर भिरभिरती. सिनेमात थडग्यात पुरलेल्या सोन्यासाठी डाकू टुको धावतो तसाच. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून पार्श्वसंगीतही स्वतःच देत होते, तोंडाने, धापा टाकत. मघाशी घाबरलेल्या कुटुंबातला बारा-तेरा वर्षांचा मुलगाही मागून धावू लागला. मग त्याचा बाप.

मी ओरडणार होते, "अहो, हृदय!" ओरडले नाही. का, ते सांगते. ह्यांचं बालपण पनवेलचं. 'शोले'मधली आगगाडीवरची मारामारी पनवेलजवळ चित्रित झाली, तेव्हा वर्गातली निम्मी पोरं शाळा बुडवून बघायला गेली आणि ह्यांना नेमके गालगुंड झाले होते. ही तक्रार मी लग्नापासून ऐकतेय. 'शोले'वर लिओनेची छाप किती, हे तर आमच्याकडे पाहुण्यांना चहाआधी ऐकवलं जातं. म्हटलं, पळू दे.

तीन फेऱ्या मारून ते माझ्यापाशी येऊन कोसळले. मी पाणी दिलं, नाडी बघितली, व्हिडिओ काढलेला नाही असं खोटं सांगितलं.

मठात प्रार्थनेला कसेबसे पोचलो. मागच्या बाकावर जागा मिळाली. काळ्या झग्यातले भिक्षू आले आणि गायला लागले. कॅसेटमध्ये कधी ऐकू आली नव्हती अशी एक शांतता त्या दोन ओळींच्या मध्ये होती. मी डोळे मिटले. ग्रेगोरियन गायनाला ताल नसतो, आणि तरी माझ्या बाकाला बारीक ठोके जाणवत होते. डोळे उघडून बघितलं. धुळीने माखलेला ह्यांचा बूट फरशीवर हलत होता, अगदी बेताने, सोन्याच्या शोधात.