तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सापडला नाही’ म्हणजे गेला का?

‘ताई, रक्तात विषाणू सापडलाच नाही म्हणता, मग गोळी बंद करू ना?’ एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. विचारणाऱ्याचा चेहरा इतका उजळलेला असतो, की ‘नाही’ म्हणताना माझाच जीव खालीवर होतो.

व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलिटर प्लाझ्मात (रक्तातल्या द्रव भागात) एचआयव्हीच्या किती प्रती आहेत, त्याची मोजणी. औषध नसेल तर आकडा हजारांत, लाखांतही असतो. टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली गोळी रोज घेतली, की बहुतेकांचा आकडा सहा महिन्यांत इतका उतरतो की यंत्राला तो पकडता येत नाही. रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे ‘सापडला नाही’, असं छापून येतं. पण विषाणूने रोगाशी लढणाऱ्या काही सीडी-४ पेशींच्या डीएनएमध्येच आपला आराखडा घुसवून ठेवलेला असतो. त्या पेशी निपचित पडून असतात. औषधाला तिथे काही करता येत नाही आणि या तपासणीत त्या दिसतही नाहीत. शेतकऱ्यांना मी लव्हाळ्याचं सांगते. खुरपलं की रान स्वच्छ दिसतं, पण गाठी मातीतच असतात. गोळी थांबली, की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो.

एक ऊसतोड कामगार चांगला रिपोर्ट घेऊन गेला आणि फडावर जाताना गोळ्या घरीच ठेवून गेला. हंगाम संपवून आला तेव्हा आकडा लाखाच्या वर होता. मला ते अजून टोचतं. ‘रिपोर्ट छान आहे’ एवढंच मी त्याला म्हटलं होतं. ‘गोळीमुळे छान आहे’ हे त्या दिवशीच्या गर्दीत राहून गेलं.

आकडा वाढला म्हणून आम्ही लगेच औषध बदलत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात १००० प्रतींची रेघ धरली आहे. त्यावर गेलं, की आधी बसून बोलतो: गोळ्या चुकल्या का, कोणापासून लपवून घ्याव्या लागतात का, सोबत अ‍ॅसिडिटीसाठी अँटासिड किंवा लोहाची गोळी चालू आहे का. ही औषधं टीएलडीतल्या डोलुटेग्रॅविरला नीट शोषू देत नाहीत, म्हणून वेळा बदलून देतो. काही महिन्यांनी पुन्हा रक्त घेतो. हा आकडा कुणाच्या वागणुकीचे गुण नव्हेत, म्हणून खरं सांगायला कचरू नका.

आणि ज्या आनंदाने तुम्ही विचारता, तो खोटा नाही. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात दोघांपैकी एकालाच एचआयव्ही असलेली जोडपी होती, त्यात पुण्यातलीही होती. औषध लवकर सुरू केल्याने जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटल्याचं २०११ मध्ये त्यातून कळलं. पुढच्या अभ्यासांनी पक्कं केलं, की विषाणू सापडत नाही अशी स्थिती टिकून असेल तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा चढतो, कारण समोरच्याने कित्येक वर्षं बायकोला जवळ घेताना भीती बाळगलेली असते. अंगावर पाजण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे, तो डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

त्या कामगाराने गोळी पुन्हा सुरू केली आणि आकडा उतरला. त्याच्या बायकोची तपासणी निगेटिव्ह आली. तुम्हीही फडावर निघणार असाल तर उचल घेतल्यावर नव्हे, त्याआधी केंद्रात या. जास्त दिवसांच्या गोळ्यांचं बोलून ठेवू.