तुम्ही विचारलंत म्हणून: सुरतेला जाऊन इंग्रजांची थडगी कशाला बघायची?

ठाण्यात कुठेही शिवकाळावर बोलायला उभा राहिलो, की शेवटी कुणीतरी विचारतंच, "महाराजांच्या पराक्रमाची सुरत सोडून तुम्ही लोकांना इंग्रजांच्या कबरस्तानात काय नेता?" विचारणारा महाराजांवरच्या प्रेमापोटी विचारत असतो, म्हणून नीट सांगतो.

ती सुरत तिथेच भेटते. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा सुरतेचा मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन मात्र आपली माणसं घेऊन वखार लढवत राहिला. औरंगजेबानं त्याबद्दल त्याला मानाचा पोशाख पाठवला. राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन आपल्याला शाळेपासून माहीत आहे, तो याच घराण्यातला.

जॉर्ज १६६९ मध्ये वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षं आधी. दोघं एकाच वास्तूत आहेत, आणि ती वास्तू बघून माणूस थबकतो. चाळीस फूट उंची, जाडजूड खांब, एकावर एक घुमट, आत सज्जे आणि वर जायला पायऱ्या. दुरून कुणालाही मुघल सरदाराचा मकबराच वाटेल. मायदेशी हे भाऊ चर्चच्या फरशीखाली किंवा आवारात पुरले गेले असते. खुद्द इंग्लंडात कॅसल हॉवर्ड या सरदारवाड्याचं असंच स्वतंत्र, प्रसिद्ध समाधिघर बांधायला घेतलं १७२९ मध्ये, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी! माझं स्पष्ट मत आहे की इथं माणसाचा दर्जा मेल्यावरही घुमटावरून ठरतो, हे या व्यापाऱ्यांनी मुघलांकडे बघून हेरलं होतं. त्यांचे साम्राज्याचे मनसुबे मला कुठल्याही तहनाम्यापेक्षा या विटा-चुन्यात आधी दिसतात.

ख्रिस्तोफरचा मृत्युलेख तर प्रत्येकानं वाचावा असा. सगळा वखारीच्या हिशेबाच्या भाषेत आहे. त्याच्या खातेवहीत वर्षं नाहीत, फक्त दिवस जमा झाले, कारण मृत्यूनं अचानक हिशेबाला बोलावलं. पुढे थेट मालकांनाच सवाल आहे: नफा-तोटा विचारता? तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. कंपनीच्या कागदांत इतकी माया मला क्वचितच दिसते.

डच मागे कसे राहतील? जवळच त्यांच्या कबरस्तानात व्हान रेडचा अष्टकोनी, दुहेरी घुमटाचा मकबरा आहे. मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणारा हाच तो अधिकारी, १६९१ मध्ये वारलेला. ऑक्झेंडनवर कडी करायलाच हा बांधला, असं सांगतात. मला ते पटतं.

तेव्हा एकदा चलाच. घोडबंदर रोडनं बोरिवली गाठायची, तिथून सुरतेची गाडी. उतरल्यावर कतारगाम दरवाजा विचारा, दोन्ही कबरस्तानं त्याच बाजूला आहेत. किल्लाही बघा, पण आधी इथं या.