सात किलो, दुसऱ्यांदा

पहिल्यांदा वजन उतरवलं तेव्हा कौतुक भरपूर झालं. चार महिन्यांत ७८ वरून ६८. पद्धत अशी काही नव्हतीच: दिवसभर जेमतेम खायचं, रोज दीड तास तरातरा चालायचं आणि सकाळ-संध्याकाळ काट्यावर उभं राहायचं. काटा खाली जातोय म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं मी धरून चालले होते. आरशात मात्र दंड वाळलेले, गळ्याची हाडं वर आलेली, आणि पोट होतं तिथेच, नुसतं आकाराने लहान झालेलं. "बरी आहेस ना गं?" असं दोघीतिघींनी बाजूला घेऊन विचारलं. एकदा प्रवासात बॅग डोक्यावरच्या कप्प्यात चढवायला गेले, तर हात अर्ध्यावरच थरथरायला लागले. मागे उभ्या असलेल्या मुलाने ती एका हाताने वर ढकलली.

मग वर्षभरात ये रे माझ्या मागल्या. सहा किलो परत आले. खरा धक्का दिला तो टेपने. उतरताना मी ७४ वर होते तेव्हा कंबर ९१ सेंटीमीटर होती, वहीत लिहिलेलं आहे. चढताना त्याच ७४ वर ती ९४ भरली. वजन तेच आणि कंबर तीन सेंटीमीटर जास्त, म्हणजे जे गेलं ते आणि परत आलं ते एकच नव्हतं. गेलं त्यात स्नायूही होते. परत आली ती बहुतेक चरबीच.

हे लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली. खाणं कमी पडलं की शरीर ती तूट चरबीतून भरतं, आणि स्नायूंतूनही. स्नायू पोसायचे म्हणजे शरीराला रोजचा खर्च. त्यांना जड काही उचलायचं नसेल आणि वरून प्रथिनंही तुटपुंजी मिळत असतील, तर त्यांना सांभाळायचं कशासाठी? मी दोन्ही बाजूंनी त्यांची सोय लावली होती. एवढं चालले, पण त्या चालण्यात पायांना कालच्यापेक्षा जड असं काहीच पेलावं लागत नव्हतं.

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा वजन ७४.२, उंची १६० सेंटीमीटर, वय ४१. मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं एक सूत्र आहे. बाईसाठी ते असं: किलोतल्या वजनाची दहापट, अधिक सेंटीमीटरमधल्या उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१. माझे आले १३७६, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला एवढ्या कॅलरी लागणार. बैठं काम आणि थोडीफार हालचाल धरून त्याला १.४ ने गुणलं, त्यातून ४०० वजा केले आणि रोज १५०० च्या आसपास खायचं ठरवलं. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे या तुटीने एक किलो उतरायला १९ दिवस. पहिल्या वेळी तेवढ्याच दिवसांत दीड किलोच्या वर गेलं होतं, त्यामुळे हे सगळं फार रटाळ वाटलं, खरं सांगते.

रटाळपणा पहिल्याच आठवड्यात उतरला, कारण मी स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणला. कढई त्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि नेहमीसारखं अंदाजाने "एक चमचा" तेल ओतलं. २६ ग्रॅम. तेलाच्या ग्रॅममागे ९ कॅलरी, म्हणजे २३४. ४०० च्या तुटीतला निम्म्याहून जास्त भाग त्या एका चमच्यात बुडाला होता, आणि दिवसातून असे चमचे दोनदा-तीनदा पडत होते. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रसिद्ध अभ्यास आला होता. आम्ही १२०० कॅलरीही खात नाही तरी वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या लोकांचा. मोजल्यावर निघालं की ते खरं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते. मी ते वाचून आधी हसले आणि मग कढईकडे बघितलं. तीन महिने सगळं मोजलं. त्यानंतर डोळ्यांना सवय झाली, आता फक्त तेल आणि सुकामेवा मोजते.

प्रथिनांचं प्रकरण त्याहून अवघड गेलं. किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे मला दिवसाला ११८ ग्रॅम हवी होती. आधीच्या खाण्यात मोजली तर पन्नाशीही धड गाठत नव्हती. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर मिलिलिटर दुधात तीन-साडेतीन, शंभर ग्रॅम शिजलेल्या कडधान्यात आठ-नऊ. नुसतं भर घालत गेलं तर कॅलरी हाताबाहेर जातात, म्हणून ताटातली पिष्टमय आणि तेलकट बाजू आक्रसायला लागली. शेवटी तीन जेवणांत तीस-तीस ग्रॅम बसवली आणि उरलेली व्हे प्रोटीनच्या एका स्कूपमधून घेतली. व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रथिन. तिच्याबद्दल घरात जी भीती होती ती डबा अर्धा संपेपर्यंत टिकली. मी आधी किडनीच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नये.

एवढं प्रोटीन खरंच लागतं का, ही शंका मलाही होती. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ चा प्रयोग वाचला. तरुण मुलांना चार आठवडे ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि भरपूर व्यायाम करून घेतला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबी सोडून उरलेलं वजन १.२ किलोने वाढलं. १.२ ग्रॅम खाणाऱ्यांची चरबी ३.५ किलो गेली आणि बाकीचं वजन होतं तिथेच राहिलं. मी काही विशीतला मुलगा नाही, आणि आठवड्याचे सहा दिवस घाम गाळणंही मला जमणारं नव्हतं. पण एक गोष्ट डोक्यात बसली: कमी प्रथिनांच्या गटाचेही स्नायू टिकले होते, कारण दोन्ही गट वजनं उचलत होते.

वजनं उचलायची म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. जिममध्ये गेले की मी सरळ ट्रेडमिलकडे जाणारी बाई. कोच पंचविशीतला, बोलायला नम्र आणि कामात कडक. पहिल्या दिवशी त्याने रॅकमधल्या रिकाम्या बारखाली, म्हणजे वजनाच्या चकत्या लावायच्या लोखंडी दांड्याखाली, उभं केलं. "मॅडम, हा नुसताच वीस किलोचा आहे." मानेच्या खाली, खांद्यांच्या मांसल भागावर तो टेकवला तेव्हा आधी जाणवला तो बारचा थंडपणा आणि खरखरीत नक्षी. श्वास आत घेऊन पोट घट्ट करायचं, कंबर मागे नेत खाली बसायचं, टाचा जमिनीवरून सुटू द्यायच्या नाहीत. पाचव्या रेपला, म्हणजे पाचव्या खेपेला, मी खाली गेले आणि तिथेच बसून राहावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून, आडवी होऊन उतरले.

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी सगळं अंग: स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन उठबस) किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), बेंच प्रेस (आडवं पडून छातीवरून बार ढकलणं) किंवा डोक्यावर ढकलणं, एक रो (वजन अंगाकडे ओढणं), आणि शेवटी किरकोळ काही. प्रत्येक सेट, म्हणजे सलग केलेल्या रेपचा गट, अशा ठिकाणी थांबवायचा की अजून एक-दोन रेप नीट निघाले असते. हे ओळखायला मला दोन महिने लागले. सुरुवातीला मी थकले म्हणून थांबायचे तेव्हा आतमध्ये सहा रेप शिल्लक असायचे. सगळं वहीत लिहायचं, आणि पुढच्या वेळी एक रेप जास्त किंवा अडीच किलो जास्त. नवख्या माणसाचं एक सुख असतं: खाणं कमी असलं तरी ताकद वाढते, थोडा स्नायूही वाढतो. दहा आठवड्यांत स्क्वॉट २० वरून ४० वर आला.

आणि इथे मी शहाणपणा केला. चरबी लवकर जावी म्हणून वजनं हलकी केली, रेप वीस-वीस केले, वर आठवड्याला चार तास कार्डिओ, म्हणजे धाप लावणारा चालण्या-धावण्यासारखा व्यायाम, चढवला. "टोनिंग" म्हणतात ना, ते. कोच सुट्टीवर होता, विचारणार कोणाला? तीन आठवड्यांनी तो परत आला आणि त्याने ४० लावायला सांगितले. तिसऱ्या रेपला बार वर येईना. ३५ वर आणावा लागला. त्याने वही उघडून मागची तीन पानं वाचली. "ज्या वजनाने हे मसल बनलंय ना मॅडम, त्याच वजनाने ते टिकणार. डाएटमध्ये सेट कमी करा, पण बार हलका करू नका." मी ते वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. तूट काढायची ती ताटातून आणि चालण्यातून. बारचं काम फक्त शरीराला सांगत राहायचं की हे स्नायू अजून लागतात.

काट्याशी भांडण मात्र चालूच राहिलं. पहिल्या आठवड्यात १.८ किलो गेले आणि मी हुरळले. ते बहुतेक पाणी. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, खाणं कमी झालं की दोन्ही उतरतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हेच पाणी उलट्या दिशेने यायचं, सव्वा-दीड किलो, दर महिन्याला. मला ते माहीत असूनही दर महिन्याला रडू यायचं. मध्येच क्रिएटिन (वजनं उचलणारे ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुरू केलं, रोज तीन ग्रॅम, आणि काटा किलोभर वर. तेही पाणीच, स्नायूंत साठणारं. शेवटी रोजचा आकडा लिहायचा पण बघायचा नाही, दर रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची आणि मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघायची, असा नियम केला. जोडीला बेंबीच्या पातळीवर टेप, सकाळी, उपाशीपोटी, श्वास सोडून.

चौथ्या महिन्यात सरासरी तीन आठवडे हललीच नाही. खाणं तेच, तेलही मोजलेलं. फोनमधली पावलं बघितली तेव्हा उलगडलं: सुरुवातीला रोज आठ हजार पावलं होती, आता पाच. मी काही चालायचं सोडलं नव्हतं. पण खुर्चीतून उठायचा कंटाळा, वरच्या मजल्यावर काही राहिलं तर "उद्या आणू", फोनवर बोलताना येरझाऱ्या घालायचे ते आता बसून. कमी खाणारं शरीर आपल्याला न विचारता अशी काटकसर करतं. शिवाय वजन उतरलं की मुळातला खर्चही कमी होतो, म्हणून ते १९ दिवसांचं गणित पुढे पुढे लांबत जातं. मी खाणं आणखी तोडलं नाही. पावलं परत आठ हजारांवर नेली आणि काटा हलला.

पाचवा महिना वाईट गेला. कामाचा ताण, झोप पाच तास, भूक दिवसभर. रात्री अकराला डबा उघडून उभ्या उभ्या खाल्लंय, लपवत नाही. झोपेचा आणि चरबीचा संबंध मी तोवर थट्टेत घालवत होते. २०१० च्या एका छोट्या अभ्यासात दहा जणांना सारख्याच कमी कॅलरी देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपायची मुभा दिली होती. वजन दोन्ही वेळा साधारण सारखंच उतरलं, पण कमी झोपेच्या वेळी त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. बाकीचं कुठून गेलं असेल ते मला विचारू नका, मी पहिल्या वेळी तेच घालवून बसले होते. मग दोन आठवडे तूटच बंद केली. वजन जिथे होतं तिथे राहील एवढं खाल्लं आणि झोपायची वेळ आधी धरली. त्या पंधरवड्यात डेडलिफ्ट ६५ वरून ७० वर गेली.

त्यानंतर स्क्वॉट ५० वर अडला तो अडलाच. सहा आठवडे तीन सेट, पाच रेप, ५०. मी हिरमुसले. कोच म्हणाला, "तुम्ही दोन किलोने कमी झालात, बार तेवढाच आहे. अजून काय पाहिजे?"

सात महिन्यांनी वजन ६७.१. सुरू करायच्या आधी आणि थांबल्यावर डेक्सा स्कॅन (शरीरातली चरबी क्ष-किरणांनी वेगळी मोजणारी तपासणी) केला होता, एकाच मशिनवर, सकाळी उपाशीपोटी. चरबी २९.४ किलोवरून २२.६ वर. म्हणजे गेलेल्या ७.१ किलोंपैकी ६.८ चरबी. पाणी कमी-जास्त असलं तरी त्या मशिनचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, त्यामुळे त्या ३०० ग्रॅमवर मी शपथ घेणार नाही. कंबर ९४ ची ८५ झाली. पहिल्या वेळी ६८ वर असताना ती ८७ होती. पोट अजूनही आहे. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही, ती जिथून जायची तिथूनच आधी जाते, आणि माझ्या बाबतीत आधी चेहरा आणि मनगटं, पोट सगळ्यात शेवटी.

आता दर आठवड्याला शंभर कॅलरी वाढवत १८०० पर्यंत आलेय. पहिल्या दोन आठवड्यांत किलोभर चढलं, पण या खेपेला घाबरले नाही. उद्या स्क्वॉटचा दिवस आहे. ५५ लावायचे आहेत. मागच्या वेळी दुसऱ्या सेटच्या चौथ्या रेपला उजवा गुडघा आत झुकला होता, त्याच्यापुढे वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.