किलिमांजारो : माचामेच्या वाटेने सात दिवस

टांझानियातील किलिमांजारोच्या ५,८९५ मीटर उंच माथ्यावर जाण्यासाठी दोर लागत नाही की कातळारोहणाचे कसब लागत नाही, त्यामुळे सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसाला तो सोपा वाटतो. जानेवारीच्या अखेरीस पुण्याहून निघालेल्या आम्हा पाच जणांनाही तो तसाच वाटला होता. चढाई जिथून सुरू होते ते माचामे प्रवेशद्वारच सुमारे १,८०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे, याचा अर्थ आम्हाला तिसऱ्या दिवशी कळला.

हा पर्वत शिरा, मावेंझी आणि किबो या तीन ज्वालामुखींचा मिळून झालेला आहे. शिरा आणि मावेंझी कायमचे विझले आहेत, तर सर्वांत उंच असलेला किबो निद्रिस्त मानला जातो आणि त्याच्या विवरातून आजही गंधकाच्या वाफा निघतात. वाटाड्याशिवाय चढण्यास राष्ट्रीय उद्यानाची परवानगी नाही. माचामेच्या वाटेवर सर्व मुक्काम तंबूत होतात. लाकडी निवारे हवे असतील, तर मारांगूची वाट घ्यावी लागते.

पहिल्या दिवशी दाट, ओल्या जंगलातून चढताना वाटाडे 'पोले पोले', म्हणजे 'हळूहळू', असे सतत बजावत होते. आमच्यातील एक जण मात्र राजगड चढावा तसा पुढे निघून जाई. तिसऱ्या दिवशी साधारण ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपाशी पोहोचेपर्यंत त्याचे डोके ठणकू लागले आणि त्याला जेवणही जाईना. त्याच संध्याकाळी आम्ही ४,००० मीटरच्या किंचित खाली असलेल्या बारांको तळावर उतरलो, तेव्हा त्याला आराम पडला. उंच जाऊन खाली झोपण्याची ही पद्धत म्हणजेच या वाटेचे मर्म आहे. सहा दिवसांचा कार्यक्रम स्वस्त पडतो, परंतु त्यात करांगा तळावरचा मुक्काम वगळलेला असतो. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवावेत, हा दिवस गाळू नये. विरळ हवेच्या त्रासावर डायमॉक्स हे औषध घ्यायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि घरीच एकदा घेऊन पाहावे, कारण त्याने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते. तंबूतल्या थंडीत हा अनुभव प्रथमच घेण्यात अर्थ नाही.

बारांकोची भिंत लांबून छाती दडपवते, पण हाताचा आधार घेत चढण्याची सवय असलेल्याला तीच सर्वांत आनंदाची वाटेल. शेवटच्या तळाचे नाव बाराफू. स्वाहिलीत त्याचा अर्थ बर्फ, आणि आपला 'बर्फ' व तो 'बाराफू' हे दोन्ही शब्द फारसीतूनच आलेले. तेथे भूक जवळजवळ मरते. आम्ही नेलेले मेतकूट आणि लिंबाचे लोणचे स्वयंपाक्याने रांधलेल्या भाताबरोबर त्या दिवशी कामी आले.

मध्यरात्री निघाल्यावर विवराच्या कडेवरील स्टेला पॉइंटपर्यंत सुमारे अकराशे मीटरची चढण आहे. अंधारात पुढच्याच्या बुटांवर पडलेला हेडलॅम्पचा प्रकाश एवढेच दिसते. माझ्या पाण्याच्या पिशवीची नळी दोन तासांत गोठली, म्हणून पाणी थर्मासमध्ये किंवा मोज्यात गुंडाळून उलट्या ठेवलेल्या बाटलीत न्यावे. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे बाटलीचे तोंड मोकळे राहते. बाटली एकदाच वापरून टाकण्याच्या प्लास्टिकची नसावी, ती या डोंगरावर चालत नाही. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा. चांगले उबदार मिटन (चारही बोटे एकत्र राहतात असे हातमोजे) आणि माकडटोपी यांत काटकसर करू नये.

स्टेला पॉइंटला उजाडले. तेथून विवराच्या कडेने उहुरू या सर्वोच्च शिखरापर्यंतचा चढ सौम्य आहे, पण हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो आणि दहा पावलांनंतर थांबावे लागते. डाव्या हाताला हिमनदीच्या उरलेल्या भिंती दिसतात. १९१२ पासून येथील बर्फाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा झाला आहे. हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर १८८९ मध्ये येथे सर्वप्रथम पोहोचले, तेव्हा त्यांना बर्फात पायऱ्या खोदाव्या लागल्या होत्या. आम्ही धुळीतून चालत गेलो. 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य. १९६१ मध्ये टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला, तेव्हा या माथ्यावर मशाल पेटवण्यात आली होती. आम्ही तेथे जेमतेम पंधरा मिनिटे थांबलो.

उतरण्याबद्दल मला कोणी पुरेसे सांगितले नव्हते. त्याच दिवशी सुमारे ३,१०० मीटरवरील म्वेका तळापर्यंत, म्हणजे पावणेतीन हजार मीटरहून अधिक, उतरायचे असते आणि वरचा भाग निव्वळ घसाऱ्याचा आहे. बुटांत खडे जाऊ नयेत म्हणून पोटऱ्यांवर गेटर्स (कापडी पट्टे) बांधावेत, दोन काठ्या घ्याव्यात आणि निघण्यापूर्वी पायांची नखे कापावीत. माझी दोन नखे काळी पडली. भारवाहकांच्या बक्षिसाची रक्कम घरूनच ठरवून सुटे डॉलर न्यावेत आणि ती सर्वांसमक्ष द्यावी, म्हणजे कोणाला किती मिळाले याविषयी शंका उरत नाही.